जुन्या कागदातून आणि घरातल्या जुन्या वस्तूंतून नाताळची सजावट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर लागला की नागपुरातल्या ओळखीच्या बायका, शाळेतल्या टीचर, कॉलनीतले पोट्टे सगळे मला तेच ते प्रश्न विचारून राहतात, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलं. आमच्या घरी आई अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये असल्यापासून रद्दीतूनच तारे करायची, मी तिच्याकडूनच शिकले. माझा एकच आग्रह आहे, घरात आहे त्यातून करा, आणि असं करा की पुढच्या वर्षी पुन्हा लावता येईल.

१. ताई, नेमका कुठला कागद जमवायचा? आणि कधीपासून?

कधीपासून म्हणाल तर २६ डिसेंबरपासून 🙂 म्हणजे वर्षभर. पण आत्ता सुरू करत असाल तरी दिवाळी नुकतीच झालेली असते त्यामुळे घरात भरपूर माल असतो. मिठाईचे आणि ड्रायफ्रूटचे डबे (आतला सोनेरी पुठ्ठा तर फेकूच नका), गिफ्टचे कागद, जुनं कॅलेंडर, लग्नपत्रिका, पोरांच्या मागच्या वर्षीच्या वह्यांची कोरी पानं, बुटांची खोकी, टॉयलेट रोलच्या नळ्या, साडीच्या घडीत येतो तो पुठ्ठा.

कॅलेंडरचा कागद माझा सगळ्यात आवडता. जाड असतो पण घडी नीट बसते, आणि मागची बाजू पांढरी असते. पेपरची रद्दी मी फक्त लगद्याला आणि मोठ्या ताऱ्याच्या आतल्या थराला वापरते कारण ती लवकर पिवळी पडते आणि शाई हाताला लागते. जमवताना एकच करा, कागद गुंडाळून नका ठेवू, गादीखाली सपाट ठेवा. चुरगळलेला गिफ्ट पेपर असेल तर उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, कोमट इस्त्री फिरवा, सरळ होतो.

२. कुठला कागद अजिबात वापरू नये?

दुकानातली, पेट्रोल पंपावरची, एटीएमची ती गुळगुळीत बिलं नकोच. तो थर्मल कागद असतो, उष्णतेने काळा पडतो आणि त्याच्यावरचं केमिकल हाताला लागतं, लहान पोरांच्या हातात तर देऊच नका. तेलकट कागद नको, समोस्याचा, पोह्याचा वगैरे, त्याला मुंग्या आणि झुरळं लागतात. लॅमिनेट केलेल्या कागदाला खळ चिकटतच नाही, फेविकॉलही दोन दिवसांत सुटतो. आणि चमकी लावलेला कागद मी आता घेत नाही, ती चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकचाच चुरा असतो, झाडून निघत नाही आणि नालीत जाते.

३. फेविकॉल किती आणायचा? महाग पडतो हो.

आणूच नका, घरी खळ करा. एक वाटी मैदा, चार ते पाच वाट्या पाणी. आधी थोड्या गार पाण्यात मैदा गुठळ्या न होऊ देता कालवायचा, मग बाकीचं पाणी घालून मंद आचेवर सारखं ढवळायचं, पांढरेपणा जाऊन ते जरा पारदर्शक आणि घट्ट झालं की उतरवायचं. चिमूटभर तुरटीची पूड टाकली की लवकर बुरशी येत नाही. नागपूरच्या डिसेंबरच्या थंडीत बाहेर दोन दिवस टिकते, फ्रिजमध्ये आठवडाभर.

जुने लोक खळीत मोरचूद टाकायचे, कीड लागू नये म्हणून. ते विषारी आहे, पोरं घरात असतील तर नको, तुरटीच बरी.

पुठ्ठ्याला पुठ्ठा जोडायचा असेल तिथे मात्र खळ कमी पडते, तिथे थोडा फेविकॉल वापरा. सेलोटेप कुठेच वापरू नका, का ते प्रश्न १४ मध्ये सांगितलंय.

४. अगदी लहान पोरांसाठी काय सोपं आहे?

कागदी साखळी. दोन सेंटीमीटर रुंद आणि वीस सेंटीमीटर लांब पट्ट्या कापून द्या, बाकी तीन-चार वर्षांचं पोरगंही करतं. एकेका पट्टीवर घरातल्या एकेका माणसाचं नाव लिहायला सांगा, आजी-आजोबा, मावशी, शेजारच्या काकू, मग ती साखळी काढून टाकायला कोणी तयार होत नाही. आमच्याकडे अशी एक साखळी आहे, दरवर्षी दोन-चार कड्या वाढतात.

५. मी स्नोफ्लेक कापला पण चौकोनी आठ टोकांचाच येतो, पुस्तकातल्यासारखा का येत नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कारण आपण चौकोनी कागद अर्धा, मग अर्धा, मग अर्धा असा दुमडत जातो, त्याने आठच टोकं येणार. खऱ्या हिमकणाला सहा बाजू असतात, कारण पाण्याचे कण गोठताना षटकोनी रचनेत बसतात. म्हणजे घडीसुद्धा तिनाच्या हिशोबाने पाहिजे.

असं करा. चौकोनी कागद तिरपा दुमडून त्रिकोण करा. आता लांब बाजूचा मधला बिंदू धरा, आणि तिथून उजवा भाग समोर आणि डावा भाग मागे असा दुमडा की तीन सारखे भाग एकावर एक येतील, आइसक्रीमच्या कोनासारखं दिसेल. प्रत्येक भाग साठ अंशाचा, मोजपट्टी लागत नाही, कडा जुळल्या की बरोबर आलंच. वर जी दोन टोकं बाहेर येतात ती कापून टाका. कागद पातळ असेल तर हा कोन मधून अजून एकदा दुमडा, म्हणजे नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी येते. मग कडेने छोटे छोटे त्रिकोण, चंद्रकोर काहीही कापा, फक्त घडीची कड पूर्ण कापू नका, नाहीतर उघडल्यावर तुकडे हातात येतात. कॅलेंडरचा जाड कागद इथे नको, वहीचं पान घ्या.

६. लग्नपत्रिकांचं काय करायचं? देवाचं चित्र असतं, नावं असतात, कापायला बरं नाही वाटत.

बरं नाही वाटत हे मला पटतं. मी गणपतीचं चित्र आणि नावांचा भाग आधी वेगळा काढून घेते. चित्र जपून बाजूला ठेवते आणि ज्या शेजाऱ्यांना चालत असेल त्यांना त्यांच्या पूजेच्या सामानासोबत द्यायला विचारते. उरलेला जाड, सोनेरी कडेचा, एम्बॉस केलेला कागद मात्र असा सुंदर असतो की बाजारात पैसे देऊन मिळणार नाही. आणि घरातल्याच कोणाची पत्रिका असेल तर विचारून कापा. माझ्या नणंदेच्या लग्नाची पत्रिका मी न विचारता कापली होती, तिच्याकडे ती शेवटची होती, ती काही बोलली नाही पण तिचा चेहरा मला अजून आठवतो.

या पत्रिकांचा गोळा फार छान होतो. बांगडी ठेवून वीस गोल आखा आणि कापा. एका गोलात बरोबर बसेल असा समभुज त्रिकोण जाड पुठ्ठ्यातून कापून घ्या, तो प्रत्येक गोलावर ठेवून तिन्ही बाजू वर दुमडा. झाल्या वीस टिकल्या, प्रत्येकीला तीन पाकळ्या. आता पाच टिकल्या पाकळ्यांनी एकमेकींना चिकटवल्या की टोपी तयार होते, दुसऱ्या पाचांची दुसरी टोपी, आणि उरलेल्या दहांची एक उलट एक सुलट अशी लावून पट्टी करायची, तिचा गोल करायचा. पट्टीच्या वर एक टोपी, खाली एक टोपी. वरची टोपी लावायच्या आधी दोरा ओवून घ्या, मागाहून जात नाही. जुन्या ग्रीटिंग कार्डांचाही असाच होतो.

७. दिवाळीचा आकाशकंदील तोच ठेवला तर चालेल का? की वेगळा तारा पाहिजे?

का नाही चालणार. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा चांगला असेल तर फाडूच नका, फक्त वरचा कागद बदला. नाताळचा तारा म्हणजे मत्तयच्या शुभवर्तमानातला तो तारा, जो बघून पूर्वेकडचे ज्ञानी लोक बेथलेहेमला आले. त्याला किती टोकं पाहिजेत असं कुठे लिहिलेलं नाही, पाच, सहा, आठ, काहीही करा.

षटकोनी कंदील असेल तर प्रत्येक बाजूवर पुठ्ठ्याचा एकेक निमुळता शंकू बसवा, झाला सगळीकडून टोकं असलेला तारा. जर्मनीत मोरावियन या ख्रिस्ती पंथाच्या शाळेत १८३० च्या सुमारास भूमितीच्या तासाला पोरांकडून असेच तारे करून घेत, तिथूनच तो प्रकार पसरला. आपल्याकडे सांगाडा आयता असतो हे आपलं भाग्य. नसेल तर बुरडाकडून कामट्या घ्या, वीस-तीस रुपयांच्या कामट्या दहा वर्षं जातात. आत दिवा कुठला लावायचा ते प्रश्न १२ बघा.

८. पट्ट्या विणून करतात तो तारा कसा करायचा? माझा दरवेळी सैल होतो.

त्याला फ्रोबेल तारा म्हणतात, बालवाडीची कल्पना ज्यांनी मांडली त्या फ्रीड्रिश फ्रोबेलच्या नावावरून. चार पट्ट्या लागतात. सैल होण्याचं कारण बहुतेक वेळा पट्टीचं माप. लांबी रुंदीच्या पंचवीस ते तीस पट पाहिजे, म्हणजे एक सेंटीमीटर रुंद असेल तर तीस सेंटीमीटर लांब. आणि चारही पट्ट्यांची रुंदी तंतोतंत सारखी, एक मिलीमीटरचा फरक पडला की मधला चौकोन बसत नाही. पट्ट्या कात्रीने नाही, स्टीलची पट्टी आणि कटर घेऊन कापा. विणणं मात्र लिहून समजत नाही हो, कोणाच्या तरी बाजूला बसून एकदा करा, दुसऱ्या ताऱ्याला हात आपोआप वळतो.

९. झाड कशाचं करायचं? प्लास्टिकचं घ्यायचं नाही.

घरी कुंडीत मोरपंखी असेल तर तीच सजवा, नागपुरात कितीतरी घरी असंच करतात. फांद्या तोडून आणू नका.

पण मला विचाराल तर पऱ्हाटी! विदर्भात राहून आपण बाहेरून झाड का विकत आणायचं. गावाकडे कोणी असेल तर कापूस वेचून झालेली वाळकी पऱ्हाटी मागा, त्याच्या फांद्या इतक्या नाजूक पसरलेल्या असतात, आणि उघडलेली बोंडं फुलासारखी दिसतात. जुन्या बादलीत वाळू भरून रोवायची, वर कागदी तारे. फक्त एक काळजी घ्या, न उघडलेली, किडकी बोंडं सगळी काढून जाळून टाका कारण शेंदरी बोंडअळी त्याच्यात दडून बसते, शेतकऱ्यांना पण पऱ्हाटी साठवून ठेवू नका असंच सांगतात. म्हणून सण झाला की पऱ्हाटी पुन्हा गावाकडे नेऊ नका.

जागा नसेल तर भिंतीवर झाड करा, वाळक्या काड्या मोठी खाली छोटी वर अशा सुतळीने बांधून लटकवायच्या. एका खिळ्यावर काम होतं.

१०. संत्र्याच्या चकत्या वाळवून लटकवतात ना, माझ्या काळ्या पडल्या, बुरशी आली.

माझ्याही एका वर्षी सगळ्या गेल्या, डिसेंबरात चार दिवस ढगाळ राहिलं आणि मी गच्चीवरच ठेवल्या होत्या. तेव्हापासून आकाश बघितल्याशिवाय वाळत घालत नाही.

आपलं संत्रं खायला गोड पण चकत्यांना अवघड, कारण साल सैल असते, कापताना सुटून येते. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबर येतात, त्यातली घट्ट, जराशी हिरवट असलेली निवडा. कळमन्याला किंवा संत्रा मार्केटला छोटी, डाग पडलेली स्वस्तात मिळतात, डागाने काही बिघडत नाही. तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि धारदार सुरीने आडव्या अर्धा सेंटीमीटरच्या चकत्या करा. तरी जमत नसेल तर मोसंबी घ्या, तिची साल घट्ट असते.

मग कापडावर टिपून घ्या, रस जितका कमी तितकं बरं. ओव्हन असेल तर ९०-१०० अंशावर जाळीवर तीन-चार तास, अर्ध्या-अर्ध्या तासाने उलटायच्या. घाई करून तापमान वाढवलं की साखर जळते, काळ्या पडतात त्या त्यामुळेच. उन्हात करायच्या तर पाच-सात दिवस, वरून मच्छरदाणीचा तुकडा, आणि संध्याकाळी न चुकता आत घ्यायच्या कारण रात्री दव पडतं. बोटाला चिकटायची बंद झाली आणि उजेडात धरल्यावर काचेसारखी दिसली की झाली.

साल पण फेकू नका. ओल्या सालीतून तारे, चंद्र कापा, जाड पुस्तकाखाली दोन पेपरांच्या मध्ये दाबून वाळवा, नाहीतर वळतात. घर आठवडाभर घमघमतं.

११. गव्हाणीचा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा घरच्या वस्तूंतून कसा करावा? बाहुल्या महाग आहेत.

बुटाचं खोकं आडवं केलं की गोठा झाला. वरून सुतळी किंवा मक्याची सालं लावा. आत तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, भंडारा-गोंदियाकडचं कोणी असेल तर पिशवीभर सहज मिळतं. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चोला पहिला असा देखावा उभा केला तेव्हा त्याच्यात खरा बैल, खरं गाढव आणि गवताने भरलेली गव्हाण होती, मखमल आणि दिवे हे सगळं मागाहून आलं. त्यामुळे साधा राहिला तर तो जास्त खरा वाटतो.

माणसं लगद्याची करा. पेपर फाडून रात्रभर भिजवा, पिळा, कुटा, खळ घालून मळा. काडीभोवती लपेटून तीन-चार दिवस सावलीत वाळवा, कडक उन्हात तडे जातात. कपडे जुन्या साडीच्या काठाचे.

आणि बैल? तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोरांच्या पोळ्याचा, लाकडी बैल घरात असतोच नं! आमच्या गव्हाणीत माझ्या मुलाचा तान्ह्या पोळ्याचाच नंदी बसतो, पोळ्याला एकदा आणि नाताळाला एकदा असा वर्षातून दोनदा बाहेर येतो. बाळाला मात्र २४ च्या रात्रीच ठेवतो, तोपर्यंत गव्हाण रिकामी, पोरं त्या रिकाम्या जागेकडेच बघत असतात.

१२. कागदाच्या ताऱ्यात बल्ब लावला तर पेटणार नाही ना?

मेणबत्ती किंवा पणती कागदाच्या आत किंवा जवळ कधीच नको, पाच मिनिटांसाठी पण नको. जुन्या फिलामेंटच्या बल्बच्या माळा तापतात, त्याही नको. कमी वॅटचा एलईडी लावा, आणि कागद बल्बपासून निदान चार बोटं दूर राहील असा बांधा. वायरला कुठे जोड असेल, टेप सुटलेला असेल तर ती माळ बाद. कापसाचा बर्फ करत असाल तर तो दिव्यांच्या माळेजवळ ठेवू नका, कापूस चटकन पेट घेतो. झोपताना आणि घराबाहेर जाताना बटन बंद.

बंद पडलेले साधे काचेचे बल्ब रंगवून लटकवता येतात. पण सीएफएल नको, त्याच्यात पारा असतो, फुटला तर घरात पसरतो.

१३. शाळेने "बेस्ट आउट ऑफ वेस्ट" सांगितलंय आणि घरात तसं काहीच नाही. थर्माकोल आणि चमकीचा कागद विकत आणू का?

नका आणू, खरंच सांगते. नवीन वस्तू आणून कापायची आणि तिला वेस्ट म्हणायचं हे पोरांना शिकवणं मला बघवत नाही. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे. शेजारी मागा, किराणा दुकानदाराला खोकी मागा, टेलरकडे चिंध्या मागा, प्रेसवाल्याकडे कागदाच्या कातरणी मागा. इतवारी-महालात प्रेसच्या दुकानाबाहेर पोतं भरून पडलेल्या असतात. पोराला सोबत न्या, मागायला शिकणं पण त्यातच आलं. आणि टीचरांना माझी विनंती आहे, जे काम चकचकीत दिसतं त्यालाच पहिला नंबर देऊ नका.

१४. दरवर्षी माळ्यावर ठेवते आणि काढते तेव्हा सगळं खराब झालेलं असतं.

नागपूरचा माळा म्हणजे मे महिन्यात भट्टी आणि जुलैत दमट. बाहेर पंचेचाळीस अंश असताना स्लॅबच्या खाली सेलोटेपचा गोंद वितळतो, सगळं एकमेकांना चिकटतं आणि पिवळा डाग पडतो तो जातच नाही. म्हणून टेप नको. माळ्याऐवजी कपाटाच्या खालच्या खणात किंवा पलंगाखाली ठेवा.

पत्र्याचा डबा सगळ्यात चांगला. आत वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत, नाहीतर खळीच्या वासाने कसर आणि झुरळं येतात. गोळे अंड्याच्या ट्रेमध्ये ठेवले तर दबत नाहीत. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हात एकदा डबा उघडून ठेवा. संत्र्याच्या चकत्या मात्र बहुतेक पावसाळ्यात मऊ पडतात, त्या दरवर्षी नव्या करा.

१५. सजावट कधी लावायची आणि कधी काढायची?

आमच्याकडे आगमन काळ लागला की, म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, त्यातल्या पहिल्या रविवारी तारा लागतो. काढायची ६ जानेवारीला, त्या दिवशी ज्ञानी लोकांच्या भेटीचा सण असतो. घराबाहेर लावलेला कागदी तारा रोज रात्री दवाने ओला होतो, त्याला मेण चोळा किंवा सरळ व्हरांड्यात लावा.

१६. आम्ही ख्रिश्चन नाही, आम्ही केलं तर चालेल का?

या, करा. माझ्याकडे तारे करायला बसतात त्यातल्या निम्म्या बायका ख्रिश्चन नाहीत. माझी आई दिवाळीला शेजारच्यांचा कंदील चिकटवून द्यायची आणि त्याच कामट्या डिसेंबरात आमच्या दारात तारा म्हणून यायच्या.

१७. शेवटी फाटलं, तुटलं तर कुठे टाकायचं?

आधी दुरुस्त होतं का बघा, फाटलेल्या जागी खळ लावून नवा तुकडा चिकटवला की जोड दिसला तरी काही बिघडत नाही. अगदीच गेलं असेल तर दोरा, तार, मणी काढून घ्या, नुसता कोरडा कागद सुक्या कचऱ्यात किंवा रद्दीवाल्याला. खळ लावलेला रंगहीन कागद आणि संत्र्याच्या चकत्या बारीक फाडून कुंडीतल्या खतात जातात. रंगवलेला किंवा चमकीचा कागद खतात टाकू नका आणि जाळू पण नका. तार जपून ठेवा, पुढच्या ताऱ्याला लागते.